नागोराव मामा आणि किल्लीचा चाकू

नागोराव मामांच्या डाव्या हातावर केस नाहीत. उजव्यावर आहेत, चांगले दाट आणि पांढरे. डावा मात्र मनगटापासून वर गुळगुळीत. आम्ही नांदेडच्या या इमारतीत राहायला आलो तेव्हा मला वाटलं, कुठल्यातरी देवाचा नवस असेल. माझ्या बायकोला, रेखाला वाटलं, भाजलं असेल. दोघांचंही चुकलं. मामा त्या हातावर चाकूची धार बघतात.

"अंगठ्यावर धार बघणारा माणूस अडाणी," ते म्हणतात. "अंगठा खोटं बोलतोय. केस खोटं बोलत न्हाई."

कोपराजवळ बोटभर पट्टा तेवढा त्यांनी राखून ठेवलेला असतो. कुणाच्या घरी नवी विळी आली, कुणी सुरीला धार लावून आणली, तर त्या राखीव केसांतून दोन-चार खर्ची पडतात.

मामांचं सगळं आयुष्य सरकारी रोपवाटिकेत आंब्याची कलमं बांधण्यात गेलं. सुरुवात किनवटला, शेवट कंधारला. गावरान आंब्याचं रोप वरून कापायचं, मधोमध चीर द्यायची, तिच्यात केशर आंब्याची काडी बसवायची आणि पट्टी आवळायची, एवढंच काम. पण काप एका वारात झाला पाहिजे. दुसऱ्यांदा पातं फिरवलं की कलम गेलं. मामांच्या हातची हजारो झाडं म्हणे या दोन्ही तालुक्यांत उभी आहेत, आणि त्यांतली बरीचशी त्यांना ओळखतात, असं मामांचं म्हणणं. मी यावर वाद घालत नाही. मला माझ्या कार्यालयातला शिपाईसुद्धा ओळखत नाही.

याचा परिणाम असा की मामा जगातला कुठलाही चाकू एकाच प्रश्नावर पास-नापास करतात. "ह्यानं कलम लागंल का?" केक कापायचा प्लास्टिकचा चाकू असो, नाहीतर पुढाऱ्यानं फीत कापायला आणलेली कात्री असो. मान हलते, आणि प्रश्न येतो.

त्यांचा स्वतःचा चाकू करदोड्याला असतो. करदोड्याला कडी, कडीला घराची किल्ली, किल्लीच्या शेजारी चाकू. शिसवी मूठ, आणि दगडावर घासून घासून निम्मं उरलेलं पातं. तो बाहेर काढायचा तर सदरा वर करावा लागतो. म्हणून समोर बाईमाणूस असलं की मामा आधी भिंतीकडे तोंड करतात, थोडी खुडबुड होते, आणि वळतात तेव्हा हातात उघडा चाकू असतो. माहीत नसलेला माणूस घाबरतो. एकदा आमच्याकडे आलेला विमा एजंट चपला न घालताच खाली गेला. त्या चपला अजून आमच्याकडे आहेत.

मामा तळमजल्यावर एकटे राहतात, आम्ही त्यांच्या डोक्यावर. ते रेखाच्या माहेरच्या तालुक्यातले, म्हणून ती त्यांना काका म्हणते आणि मी रीतीप्रमाणे मामा. डिलिव्हरीवाल्याची गाडी फाटकात थांबली की पाच मिनिटांत जिन्यात चपला वाजतात. गुडघ्यांमुळे मध्ये एकदा थांबतात. मग दारात मामा.

"काय कापायचं हाय का?"

पार्सल आलेलंच असतं. मामा भिंतीकडे वळतात, चाकू काढतात, खोका मांडीवर घेतात आणि एका वारात पट्टी उभी चिरतात. आतल्या वस्तूला ओरखडा नाही. मग रेखा चहा टाकते आणि मामा तासभर बसतात. साडीचं लेबल, तांदळाच्या पोत्याची शिवण, नव्या उशीचा दोरा, काहीही असो, आमच्या घरात परवापर्यंत चार वर्षांत मामांशिवाय काही कापलं गेलं नव्हतं. आणि तो चाकू त्यांनी आजवर कुणाच्या हातात दिलेला मी पाहिला नाही.

आता माझ्याविषयी, म्हणजे फार काही सांगण्यासारखं नाही. मी मूळचा अहमदपूरचा. इथे एका सरकारी कार्यालयात आवक-जावक लिपिक आहे. बाहेरून आलेला लिफाफा फोडायचा, आतल्या पत्रावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा. बारा वर्षं मी हे लिफाफे स्कुटरच्या किल्लीने फोडत आलो. किल्लीने लिफाफा फुटत नाही, फाटतो. कागद कापायची एक सुरी कार्यालयात आहे, पण ती कपाटात आहे, कपाटाची किल्ली मोठ्या बाबूंकडे आहे, आणि सुरी हवी तर मागणीपत्र द्यावं लागतं. ते मी एकदा दिलं होतं. त्याची नोंद आवक रजिस्टरला मीच घेतली. पुढे काय झालं ते मलाही कळलेलं नाही.

मागच्या पावसाळ्यात वरिष्ठ कार्यालयाचा एक लिफाफा आला. मी किल्ली घातली, ओढली, आणि आतल्या पत्राचे दोन भाग झाले. एका भागावर 'आपण स्वतः हजर राहावे' होतं आणि दुसऱ्यावर तारीख. साहेबांनी दोन्ही तुकडे टेबलावर जुळवले, माझ्याकडे बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्हाला लिफाफासुद्धा फोडता येत नाही?"

बारा वर्षं जे एकच काम मी करतो, ते मला येत नाही. घरी येईपर्यंत हे वाक्य कानात वाजत होतं. त्याच संध्याकाळी मी ठरवलं, किल्लीच्या जुडग्याला लावायचा, रोज खिशात राहील असा एक छोटा चाकू घ्यायचा.

ठरवणं सोपं होतं. मोबाइलवर शोधायला लागल्यावर कळलं की या विषयात लोकांनी आयुष्यं घालवली आहेत. एक दाढीवाला परदेशी माणूस जंगलात बसून बोटाएवढ्या चाकूने लाकूड सोलतो, आग पेटवतो, मासा साफ करतो आणि शेवटी सफरचंद कापून खातो. मी असे व्हिडिओ महिनाभर पाहिले. मला लिफाफे फोडायचे होते, पण बघता बघता माझ्याही मनात आग पेटवण्याची इच्छा उत्पन्न झाली. मी वहीत तक्ता केला. पात्याची लांबी, वजन, कडी कशी, पातं आपोआप मिटतं की अडकतं, नखाने उघडतं की अंगठ्याने, खिशात टोचेल का, गंजेल का. "लग्न ठरवतानासुद्धा मी इतकी चौकशी केली नव्हती," असं मी कौतुकाने म्हणालो. ते मी रेखासमोर म्हणालो, ही चूक झाली. दोन दिवस भाजीत मीठ नव्हतं.

आणि दुसरी चूक म्हणजे, घरात चाकूचा एवढा जाणकार असताना त्याला विचारू नये तरी कसं, असं वाटून मी मामांना विचारलं.

मामांचा चेहरा उजळला. "तुमी घेऊन राहिले चाकू? मंग मला न इचारता घेऊ नका सायेब. बिलकुल घेऊ नका."

मला साहेब म्हणणारा हा पृथ्वीवरचा एकमेव माणूस. मी शब्द दिला.

पहिला चाकू आला. चाकूचं पार्सल मामांनी त्यांच्या चाकूने फोडलं. आत एक साधा, चपटा, बोटभर पात्याचा चाकू होता. मिटला की मुठीत नाहीसा होई. मला बघताक्षणी आवडला. मामांनी तो उघडला, मिटला, कानाशी नेऊन पुन्हा उघडला. मग डावं कोपर वर करून राखीव पट्ट्यावर एकदा फिरवला. केस अलगद खाली आले. मामा त्या मोकळ्या जागेकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

"न्हाई," ते म्हणाले.

"का? कापतोय की."

"केस कापतोय. कलम लागणार न्हाई ह्यानं."

"मामा, मला लिफाफे फोडायचेत."

"आज लिफाफे. उद्या?"

उद्याही लिफाफेच असणार होते, निवृत्तीपर्यंत लिफाफेच असणार होते, पण हे एका तज्ज्ञापुढे कबूल करायला जीव होईना. मी पात्यावरचे दोन पांढरे केस पुसले आणि चाकू परत पाठवला.

दुसरा नऊ कामांचा होता. कात्री, कानस, चिमटा, दातकोरणं, बाटली उघडायचं काहीतरी. मामांनी एकेक पातं उघडत नेलं. सगळं उघडल्यावर त्यांना चाकूच सापडेना. "ही तर धोकटी हाय," ते म्हणाले. "दाढी कराया बसता का माझी?" परत.

तिसरा कळ दाबली की उघडणारा होता. त्याला मामा नको म्हणाले, तरी मी बंडखोरी करून चार दिवस खिशात ठेवला. पाचव्या दिवशी रेल्वे फाटकाजवळ स्कुटर खड्ड्यात गेली आणि कळ आपली आपण दाबली गेली. पँटच्या खिशाला भोक पडलं. मांडीला नुसतं खरचटलं, पण मी भर रस्त्यात जो ओरडलो तो आवाज माझा आहे हे मला पटेना. मामांना सांगितलं तर त्यांनी सहानुभूती दाखवली नाही. "मी म्हणलं न्हवतं?" एवढंच, आणि तेही फार आनंदाने.

चौथा आला तोवर मामांचा राखीव पट्टा संपला होता. "हात पुढं करा," ते म्हणाले. मी केला. वर्षानुवर्षं लोकांनी सांगितलं आणि मी केलं, अशा गोष्टींत ही आणखी एक. चौथा, पाचवा आणि सहावा चाकू माझ्या हातावर तपासला गेला. तिन्ही नापास. कार्यालयात साहेबांनी माझ्या हाताकडे बघून खुर्ची जरा मागे घेतली आणि "डॉक्टरला दाखवलं का?" असं विचारलं. त्या दिवशी लिफाफा मी दातांनी फोडला होता आणि त्यातली पिन ओठाला लागली होती. दोन्हींचा मिळून साहेबांच्या मनात काय आजार तयार झाला असेल कोण जाणे.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. चाकू काही ठरेना. पण एक झालं. पूर्वी मामा पार्सल आलं की येत, आता रोजच येऊ लागले. कार्यालयातून मी येतो न येतो तोच जिन्यात चपला वाजत. "नवीन काय बघून राहिले मोबाइलात?" म्हणून शेजारी बसत. दाढीवाला परदेशी त्यांना अजिबात आवडला नाही. "ह्याला कामधंदा न्हाई का?" असं ते दर वेळी विचारत, आणि व्हिडिओ संपेपर्यंत उठत नसत.

एके दिवशी त्यांनी जाहीर केलं, "हे मोबाइलवरलं खामखा हाय. कंधारला माझ्या वळखीचा लोहार हाय. त्याच्याकडनं घडवून घेऊ."

आठवडी बाजाराच्या दिवशी मी रजा टाकली. अर्जात 'चाकू पाहण्यासाठी' लिहिणं बरं दिसेना, म्हणून 'घरगुती काम' लिहिलं. एसटीत मामा खिडकीशी बसले. रस्त्याच्या कडेने आंब्याचं झाड दिसलं की माझ्या मांडीवर थाप मारत. "हे माझं." थोड्या वेळाने, "हेबी माझं." एका चिंचेच्या झाडालाही ते माझं म्हणाले, तेव्हा मी चष्मा पुसून द्यायची तयारी दाखवली. कंधारच्या स्टँडवर उतरल्यापासून ते भेटेल त्याला सांगत होते, "सायबांना चाकू घ्यायचाय. मी आलोय संगं. मला इचारल्याबिगर ते काई घेत न्हाईत." भजी त्यांनीच खाऊ घातली, मला हात खिशात घालू दिला नाही.

लोहाराने आमचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. किल्लीला लावायचा चाकू म्हणजे काय ते मी त्याला बोटाने मापून दाखवलं. "हाव, हाव, समजलं," तो म्हणाला. दोन तासांनी त्याने जे हातात ठेवलं ते वीतभर लांब होतं आणि त्याने बोकड सहज कापता आला असता. त्याच्या मुठीला त्याने आठवणीने एक भोक पाडलं होतं, किल्ली लावायला. मामांनी त्याच्या हातावर धार बघितली, लोहाराच्याच, आणि पहिल्यांदा त्यांच्या तोंडून शब्द निघाला, "लागंल. ह्यानं कलम लागंल."

तो चाकू खिशात घालून मी सरकारी कार्यालयात गेलो असतो तर वर्तमानपत्रात नाव आलं असतं. तो सध्या स्वयंपाकघरात आहे. रेखा त्याने फणस कापणार आहे, घरी फणस आला की.

परतीच्या एसटीत मामा थकून झोपले. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं होतं. मी मात्र मनातून वैतागलो होतो. एक रजा गेली, हाताचे केस गेले, आणि उद्या पुन्हा तीच स्कुटरची किल्ली. त्या वैतागात, मामांचं डोकं खांद्यावर असताना, मी मोबाइल काढला आणि सगळ्यात पहिला परत पाठवलेला तो चपटा चाकू पुन्हा मागवला. पत्ता कार्यालयाचा टाकला. हे मी आता लिहितो आहे तेव्हाही मान खाली जाते आहे.

चाकू आला आणि कार्यालयात माझे दिवस पालटले. लिफाफा कसा फुटावा, तर तसा. साहेब एकदा जाता जाता थांबले आणि "जमतंय की," म्हणाले. मोठे बाबू स्वतःचे लिफाफे माझ्याकडे पाठवू लागले. घरी येताना मी चाकू कडीतून काढून शर्टाच्या आतल्या खिशात घाली. बायकोपासून लोक काय काय लपवतात. मी तळमजल्यावरच्या एका म्हाताऱ्या माणसापासून चाकू लपवत होतो.

एका रविवारी चादरींचं पार्सल आलं. रेखा आत होती. मला मोह आवरला नाही. मी नवा चाकू काढला आणि खोका फोडला, आतली प्लास्टिकची पिशवीसुद्धा फोडली. रेखा बाहेर आली, चाकूकडे बघितलं, सगळं समजली.

"घेतलात शेवटी? काकांना न सांगता?"

"किती दिवस थांबायचं? त्यांना एकही पसंत पडत नाही."

"आणि आता काका कशाच्या निमित्ताने वर येतील?" ती म्हणाली. "चार वर्षांत चाकूचा विषय नसताना ते एकदा तरी आले आहेत का आपल्याकडे?"

मी आठवून पाहिलं. आले नव्हते. तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या.

मग मी जे केलं ते माझ्या स्वभावाला धरूनच होतं. चादरी खोक्यात कोंबल्या, कपाटातून कार्यालयाची पारदर्शक चिकटपट्टी काढली (ती घरी कशी आली हा वेगळा विषय) आणि खोका पुन्हा बंद केला. मामा गुडघ्यांसाठी जिन्यात थांबतात तेवढा वेळ मला मिळाला.

"काय कापायचं हाय का?"

"तुमचीच वाट बघत होतो," मी म्हणालो, घाम पुसत.

मामांनी चाकू काढला आणि खोका मांडीवर घेतला. पट्टीवरून बोट फिरवलं. मधोमध थांबले. ज्या माणसाचं आयुष्य पट्ट्या बांधण्यात गेलं, त्याच्यापुढे मी पट्टी चिकटवून ठेवली होती. खालची चिरलेली खाकी पट्टी त्या पारदर्शक पट्टीतून लख्ख दिसत होती, हे मला आत्ता दिसलं. मामांनी बोट उचललं. नेहमीसारखा एक वार केला, खोका उघडला, फोडलेली पिशवी बघितली.

"चादर चांगली हाय," ते म्हणाले आणि उठले. रेखाने चहा म्हटलं तर म्हणाले, "आज नको बाई. पित्त झालंय."

नंतर आठ दिवस मामा आले नाहीत. दोन पार्सलं आली, ती मीच फोडली. कुणी "हे कशाला मागवलं?" म्हटलं नाही, कुणी मिक्सरच्या भांड्याच्या पात्यावर आपलं मत दिलं नाही. वस्तू बाहेर काढली, खोका कोपऱ्यात टाकला, झालं. संध्याकाळी कार्यालयातून आलो की माझं लक्ष जिन्याकडे जाई. रेखा माझ्याशी बोलत होती, पण कामापुरतं. मला त्या म्हाताऱ्याची आठवण येत होती आणि खाली जायची लाज वाटत होती. नवव्या दिवशी गेलो.

दार उघडंच होतं. चार वर्षांत मी त्यांच्या घरात चपला काढून कधी बसलो नव्हतो. ते वर येत, म्हणून मला जावं लागलं नाही. मामा खाटेवर बसून टीव्ही बघत होते. आवाज बंद होता.

"या सायेब. बसा."

मी सरळ खिशातून चाकू काढून त्यांच्यापुढे खाटेवर ठेवला. मामांनी तो उचलला, उघडला आणि लगेच मिटला. हातावर काही फिरवला नाही.

"हा पयलाच हाय न्हवं?"

"हो."

"चांगला हाय," ते म्हणाले. "त्या दिवशीबी चांगलाच होता."

मी बाही वर केली. माझ्या हातावर अजून नीट केस आले नव्हते.

"मग मामा, नाही कशाला म्हणालात? सहा चाकू परत पाठवले मी. तुमच्या त्या कंधारच्या लोहारापर्यंत गेलो."

"हाव म्हणलो असतो तर तुमी ठेवून घेतला असता," मामा टीव्हीकडे बघत म्हणाले. "मंग मी वर कशाला येऊ? चहा प्याया? रिकाम्या हातानं रोज कुणाच्या घरी जाऊन बसाया बरं वाटतंय का सायेब? हातात काम असलं की माणूस घरातलाच वाटतोय."

मला इतकी लाज वाटली की मी मान खाली घातली. आणि मान खाली घातली म्हणून खाटेखालचे खोके दिसले. लहान-मोठे सात-आठ खोके, एकावर एक. सगळ्यांच्या पट्ट्या शाबूत. एकावर मुंग्यांची रांग चढत होती.

"हे काय मामा?"

"सुमन धाडती. हैदराबादहून." सुमन म्हणजे त्यांची मुलगी. "लई जीव लावती. दर महिन्याला काय ना काय येतंयच."

"मग फोडले का नाहीत? तुम्ही?"

मामांनी पायाने एक खोका आत सारला. "दुसऱ्याचं फोडाया हात चालतोय. तुमची मामी होती तवर घरचं पार्सल आलं की बाजूला उभी राहून, काय हाय हो, काय हाय हो, असं करायची. नुसता कालवा. आता मी एकटाच फोडू, एकटाच बघू, आन् कुणाला दाखवू?" ते हसायचा प्रयत्न करत होते, तो काही जमला नाही. "सुमन फोनवर इचारती, मिळालं का? मी म्हणतो, मिळालं. बसतंय का? म्हणती. मी म्हणतो, झकास बसतंय."

"आणि ते काय आहे ते तुम्हाला माहीतच नाही?"

"तिच्या इचारण्यावरनं समजतंय, एक अंगात बसायचं हाय, एक बटन दाबून चालवायचं हाय. एक खायचं हाय, ते मुंग्यांनी सांगितलं."

मी खाटेखालून मुंग्यांचा खोका ओढला आणि चाकूसाठी हात पुढे केला. मामांनी माझा चाकू माझ्या हातात दिला नाही. वाकून फरशीवर ठेवला.

"खालून उचला. चाकू हातात देऊ नये, भांडान होतंय. मला आता भांडाया परवडत न्हाई कुणाशी."

मी उचलला. एका वारात काही जमलं नाही, तीन-चार करावे लागले. मामांनी दोनदा 'अरारा' केलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला पत्र्याचा डबा होता, आणि डब्यात दिवाळीची शंकरपाळी. आता उन्हाळा लागला होता.

"काय हाय हो?" मीच विचारलं, कारण कुणीतरी विचारायला हवं होतं. मामांनी डबा उचलून मला दाखवला, मग दाराकडे वळवून उगाच दारालाही दाखवला. मुंग्या झटकल्या, एक मला दिली, एक स्वतः घेतली.

"कशी हाय?"

शंकरपाळी दाताखाली खडा आल्यासारखी लागली आणि मागून खवट तेलाची चव आली.

"लई छान," मी म्हणालो.

"हाव," मामा चावत म्हणाले. "मीबी तिला फोनवर तेच सांगितलं होतं."